टीडीएस कापणाऱ्या ग्राहकाला थकबाकीदार ठरवणारं बिलिंग ॲप (बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर)

बिल देखणं निघतं, पीडीएफ व्हॉट्सॲपवर जाते, खाली यूपीआयचा क्यूआर असतो. हे सगळं जाहिरातीत आहेच. माझं भांडण टीडीएसवरून आहे, म्हणजे ग्राहक आपल्या बिलातून कापून आपल्या नावे सरकारकडे भरतो त्या करावरून.

मी कॅटलॉग आणि पॅकेजिंगचं डिझाइन करतो. बुटीबोरीच्या एका कंपनीला 60,000 रुपयांचं बिल दिलं. एकाच ग्राहकाकडची व्यावसायिक फी वर्षाला 50,000 च्या वर गेली (मार्च 2025 पर्यंत ही मर्यादा 30,000 होती) की 10 टक्के कापले जातात. त्यांनी 6,000 कापून 54,000 वेळेत टाकले. ॲपनं काय करावं? बिलावर लाल अक्षरात 'थकबाकी 6,000' आणि दर सोमवारी कंपनीला आपोआप तगादा! शेवटी त्यांच्या अकाउंटंटचा फोन आला, "भाऊ, टीडीएस भरला ना तुमचा? मग सहा हजारांसाठी काऊन मागं लागून राहिले?"

कस्टमर केअरचं उत्तर: "सर, तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट काढा." वा रे बाप्पा! म्हणजे बिल 54,000 चंच होतं असं मीच लिहून द्यायचं. 26एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी विवरणात) मात्र 60,000 ची फी आणि 6,000 चा कर दिसणार. ते पैसे माझ्या पॅनवर सरकारकडे जमा आहेत, रिटर्न भरताना मला वळते करून घ्यायचे आहेत. मी सूट दिलेली नाही. इतवारीत कागदाच्या रिमवर दहा रुपये न सोडणारा माणूस सहा हजार कुठून सोडणार!

एक तारा देऊन मोकळा होणार होतो. पण या ॲपमध्ये उद्यम नंबरचा (सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) रकाना आहे. नोंदणी फुकट असते, मी ती करून नंबर टाकला, तो प्रत्येक बिलावर छापून यायला लागला. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर फार तर 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. मुदत टळून 31 मार्चला बिल थकलेलंच असेल, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी करातून वजा मिळत नाही. हिंगण्याचा एक ग्राहक दिवाळीपासून "पुढच्या आठवड्यात बघू" करत होता. मार्चच्या शेवटी त्याच्या सीएनं बिलावरचा नंबर पाहिला आणि पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात! यासाठी दोन तारे वाढवले.

आता टीडीएसचा रकानाही आला आहे, पण अर्धवट. पैसे जमा दाखवताना दरवेळी रक्कम हातानं टाका. ग्राहकाच्या नावापुढे 10 टक्के एकदाच लिहून ठेवायची सोय नाही. राहिलं की सोमवारी तगादा गेलाच.

जीएसटी नोंदणी नसलेल्यांनी (सेवांसाठी उलाढाल 20 लाखांच्या आत) बिलावरचं 'टॅक्स इन्व्हॉइस' हे शीर्षक सेटिंगमधून आधी काढावं.

वर्गणीची ऑटोपे मी यूपीआयमधून बंद केली आहे. तगादा टीडीएस वगळून जायला लागला, तर हातानं भरीन. नाही तर एक्सेल फुकट आहे, आणि उद्यम नंबर त्यातही टाकता येतो.