ग्रंथालयातील स्थलांतरितांचे अनुभवकथन : न्यू जर्सीतून एक अभिप्राय

न्यू जर्सीतील आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने या वर्षी स्थलांतरित समाजांच्या अनुभवांवर चार कार्यक्रम घेतले. त्यांपैकी तीन कार्यक्रमांना मी गेले आणि एकाला सासूबाईंनाही बरोबर नेले. प्रवेश विनामूल्य होता, ग्रंथालयाचे सभासदत्वही आवश्यक नव्हते. फक्त आधी नाव नोंदवायचे होते.

कार्यक्रमाची पद्धत साधी होती. बोलणाऱ्याने घरातील एक वस्तू आणायची आणि तिच्याविषयी दहा मिनिटे बोलायचे. दुसऱ्या शनिवारी पूर्वी जर्सी सिटीत राहणाऱ्या एका वृद्ध गुजराती बाईंनी कुंकवाची डबी आणली होती. १९८७ साली त्या शहरात भारतीयांना धमकावणारी जी टोळी उभी राहिली, तिने 'डॉटबस्टर्स' हे नावच बायकांच्या कपाळावरच्या कुंकवावरून घेतले होते. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी यांना जमावाने मारहाण केली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्या काळात घराबाहेर पडताना आपण कुंकू पुसत असू आणि परत आल्यावर लावत असू, असे त्या बाईंनी शांतपणे सांगितले. माझ्याशेजारी बसलेल्या, येथेच जन्मलेल्या दोन भारतीय मुलींनी हे प्रथमच ऐकले होते. ज्या रस्त्यांवर आपण रोज वावरतो त्यांचा हा इतिहास घरी सहसा कोणी सांगत नाही. तो सांगण्यासाठी ग्रंथालयाने जागा दिली, हे मला या उपक्रमाचे सर्वांत मोठे यश वाटते.

दालनातील कायद्यांचे फलक नेटके होते. पंजाबातून अमेरिकेत आलेले भगतसिंग थिंड कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिकत्वास पात्र नाहीत, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९२३ चा निकाल, वर्षाला जेमतेम १०० भारतीयांना प्रवेश देणारा १९४६ चा कायदा आणि राष्ट्रनिहाय कोटा रद्द करणारा १९६५ चा कायदा, हे सारे त्यांत क्रमाने आले होते. मात्र १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत आल्या, तेव्हा याच राज्यातील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबाने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, याचा उल्लेख कोठेही नव्हता. त्या स्थायिक होण्यासाठी नव्हे, तर वैद्यकीय शिक्षणासाठी आल्या होत्या हे खरे. तरीही न्यू जर्सीतील भारतीयांविषयीच्या फलकावर त्यांचे नाव असायला हवे होते. मी तसे सुचवले आणि ग्रंथपालांनी ते आस्थेने लिहून घेतले.

माझी मुख्य तक्रार भाषेची आहे. सासूबाई वयाच्या बासष्टाव्या वर्षी, नातवंडांसाठी, येथे आल्या. बरोबर नेलेले जुने रेशनकार्ड दाखवून, त्यावरचे आपले नाव कमी करून घेण्यासाठी साताऱ्यात घातलेल्या खेपांविषयी त्या मराठीत बोलल्या. दुभाषी नसल्याने भाषांतर मला करावे लागले. त्यात त्यांच्या बोलण्यातला निम्मा जिव्हाळा हरवला, आणि सुनेसमोर त्यांना जे सांगता आले नसेल ते तर राहूनच गेले. त्यांच्याकडून भरून घेतलेला अर्जही शिक्षण आणि नोकरी यांसाठी आलेल्यांचा विचार करून बनवलेला होता. मुलांच्या मागोमाग उतारवयात आलेल्या आईवडिलांची संख्या आपल्या समाजात कमी नाही, पण त्या अर्जात त्यांच्यासाठी एकही प्रश्न नव्हता.

ध्वनिमुद्रणाची व्यवस्था मात्र आदर्श म्हणावी अशी होती. लेखी संमतीशिवाय काहीही संग्रहात ठेवले जात नाही, नको असलेला भाग वगळता येतो आणि बोलणाऱ्याला स्वतःची प्रत मिळते. सासूबाईंनी ती प्रत साताऱ्याला धाकट्या बहिणीला पाठवली आहे.

पुढील कार्यक्रम शरद ऋतूत होणार आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना नेणार असाल, तर भाषांतरासाठी घरचे माणूस न नेता एखाद्या परिचिताला बरोबर न्यावे आणि नाव नोंदवतानाच ग्रंथालयाला तसे कळवून ठेवावे.