शरदात आज्ञा वाचायच्या, तर यूव्हर्जनचे मराठी बायबल कितपत पुरते?

बाजरीची सोंगणी आणि भातकापणी उरकत आली की ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हंगामाच्या उपकारस्तुतीची तयारी सुरू होते. या दिवसांत देवाच्या आज्ञा सलग वाचायच्या असतील, तर फोनवरचे यूव्हर्जनचे बायबल ॲप मजकुरासाठी उत्तम आहे. मननाची योजना मात्र आपली आपण आखावी.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातील लाइफ चर्चने २००८ साली आणलेले हे ॲप फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. आवृत्त्यांच्या यादीत भाषा मराठी निवडली की बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ मिळते. बऱ्याच मंडळ्यांत व्यासपीठावरून हेच वाचले जात असल्याने पहिली निवड हीच ठेवावी. सोप्या भाषेतल्या आवृत्त्याही आहेत, त्या तरुणांना बऱ्या पडतात. एका वचनावर बोट ठेवून तेच वचन इतर आवृत्त्यांत कसे आहे हे पाहता येते आणि ‘सरवा’ (कापणीनंतर शेतात मागे राहिलेले धान्य) असा शब्द शहरातल्या मुलांना अडला की ही सोय खरोखर उपयोगी पडते.

अडचण येते ती दोन वेगळे उतारे शेजारी ठेवायचे असतात तेव्हा. दहा आज्ञा बायबलच्या दोन पुस्तकांत येतात, निर्गमच्या २०व्या आणि अनुवादच्या ५व्या अध्यायात. शब्बाथाचे, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याचे, कारण निर्गमात सृष्टीची निर्मिती आहे, तर अनुवादात मिसरातली (इजिप्तमधली) गुलामी. तू दास होतास, म्हणून तुझ्या दासालाही विसावा दे. हा फरक दोन्ही पाने समोर असली तरच डोळ्यांत भरतो. फोनवर दोन्ही अध्यायांना खूण करून मागेपुढे जावे लागते. त्यापेक्षा एक अध्याय छापील शास्त्रात आणि दुसरा फोनवर उघडावा. घरात काही जण कॅथलिक असतील तर ‘सहावी आज्ञा’ असे आकड्याने बोलू नये. बहुतेक प्रोटेस्टंटांच्या मोजणीत ती खुनाची आहे, कॅथलिक मोजणीत व्यभिचाराची. अध्याय आणि वचन सांगितले की घोळ होत नाही.

आता योजनांविषयी. मराठीतल्या तयार योजना इंग्रजीच्या मानाने थोड्या आहेत. शिवाय शरदावरची पाश्चात्त्य मनने लाल-पिवळ्या पानगळीवर उभी असतात, आणि आपल्याकडे पानगळ शिशिरात होते. शरद म्हणजे भरलेले कणीस. शास्त्रातला शरदही पीक घरात आल्याचाच आहे: सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवसापासून मांडवांचा सण, खळ्यातले धान्य आणि कुंडातला द्राक्षरस साठवून झाल्यावर (अनुवाद १६:१३). कनानात, म्हणजे बायबलमधल्या इस्राएलच्या देशात, पावसाळा या सणानंतर सुरू होतो, आपला तेव्हा संपलेला असतो. शास्त्रात ‘पहिला पाऊस’ वाचताना मृग नक्षत्र मनात आले, तर अर्थ चार-पाच महिन्यांनी हुकतो.

हंगामाच्या उपासनेला बायबलमधले रूथचे पुस्तक वाचण्याची पद्धत आहे. पुस्तक सुंदर आहे, पण तो जवाचा व गव्हाचा हंगाम, म्हणजे वसंतातला. शरदातल्या पिकांची आज्ञा अनुवाद २४:२०-२१ मध्ये आहे. जैतुनाचे (ऑलिव्हचे) झाड एकदा झोडपल्यावर फांद्या पुन्हा धुंडाळू नयेत, द्राक्षमळ्यातही मागे राहिलेले घड वेचायला परत जाऊ नये. ते परक्याचे, पोरक्याचे, विधवेचे. इथे विश्वास किती आहे हे उरलेल्या घडांवरून मोजता येते. ज्याला पुढच्या वर्षाची धास्ती आहे, तो दुसऱ्यांदा झोडपतोच.

बारा दिवसांचा क्रम असा ठेवावा: पहिले दोन दिवस निर्गम २० व अनुवाद ५, मग लेवीय १९, लेवीय २३:३३-४३, अनुवाद ८, १६:१३-१७, २४:१९-२२ आणि ३१:९-१३. पुढे नहेम्या ८, योहान ७, योहान १४:१५-२४, शेवटी याकोब २:१४-२६. अनुवाद ३१ गाळू नये. दर सातव्या वर्षी याच सणात पुरुष, स्त्रिया, मुले आणि परके अशा सर्वांपुढे नियमशास्त्र मोठ्याने वाचावे, असा हुकूम तिथे आहे. म्हणून हे वाचन एकट्याने मूकपणे करण्यापेक्षा घरात मोठ्याने करावे. ॲपमधला ऑडिओ प्रत्येक आवृत्तीला नसतो, आणि असला तरी आजीच्या आवाजातले वाचन मुलांच्या कानांत जास्त टिकते.

निर्गम २० वाचताना दुसरे वचन कधीच वगळू नये. आधी देव सोडवतो, मग आज्ञा देतो. हा क्रम उलटला की आज्ञापालन तारण (पापातून सुटका) कमावण्याची मजुरी होऊन बसते आणि बारा दिवसांत माणूस थकतो.

वचनाचे चित्र करून पाठवण्याची सोय जपून वापरावी. स्तोत्र १:३ मधले पाने न कोमेजणारे झाड चित्रावर छान दिसते, पण ते झाड तसे का आहे हे दुसऱ्या वचनात आहे: तो माणूस परमेश्वराच्या नियमशास्त्रात रमतो, रात्रंदिवस त्याचे मनन करतो. दोन्ही वचने एकत्र निवडूनच चित्र करावे.

सलग किती दिवस वाचले याचा आकडा ॲप दाखवते. एक दिवस चुकला की तो तुटतो, आणि पुष्कळ जण तिथेच वाचन सोडतात. त्या आकड्याकडे लक्ष देऊ नये, सूचनाही सेटिंगमध्ये बंद कराव्यात. मंदिरात नेण्याआधी आवृत्ती घरच्या वायफायवर उतरवून घ्यावी आणि उपासनेत फोन विमान मोडवर ठेवावा. ज्या आवृत्तीला उतरवण्याची परवानगी आहे तीच नेटशिवाय उघडते, म्हणून एकदा नेट बंद करून घरीच तपासावे. रंगवलेली वचने आणि टिपणे नव्या फोनवर हवी असतील, तर खाते उघडून मगच खुणा करायला सुरुवात करावी.

ज्यांचे डोळे अधू आहेत त्यांना अक्षर मोठे करण्याच्या सोयीसाठी हे ॲप जरूर लावून द्यावे.