साठ रुपयांची दुहेरी फणी आणि लेकीच्या दोन वेण्या

पौषात पालीच्या खंडोबाच्या यात्रेला एसटीच्या जादा गाड्या सुटतात. मी वाहक आहे. 2023 साली माझी ड्युटी त्याच फेऱ्यांवर होती. परतीची गाडी भरेपर्यंत पंधरा मिनिटं मिळाली, तेवढ्यात पोत, सुया, बिब्बे घेऊन बसलेल्या एका मावशींकडून ही फणी घेतली. साठ रुपये. तळहाताएवढी, गडद लाकडाची. एका अंगाला दात जरा विरळ, दुसऱ्या अंगाला इतके दाट की उजेडाकडे धरली तरच फट दिसते.

लेक तेव्हा तिसरीत होती. त्याआधी उवांपायी तिचे केस दोनदा कापले होते. मला पहाटे साडेपाचला डेपोत हजर व्हायचं असतं, आत्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, मग डोकं बघणार कोण? दुसऱ्या वेळी कानाच्या पाळीपर्यंत मीच कात्री लावली. पोरगी रडली नाही. काही दिवसांनी दप्तर आवरताना तिच्या कंपासपेटीत कापलेली एक बट सापडली, वर्गातल्या मुलींसारखी लाल रिबिनीत बांधलेली. त्या दिवशी ठरवलं, आता वेणी येईपर्यंत कात्री नाही.

फणीनं केस वाढत नाहीत, हे आधीच सांगते. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात, त्यांना घाई करता येत नाही. फणीचं काम एवढंच, की मधल्या दीड वर्षात पुन्हा कात्री हातात घ्यायची वेळ येऊ नये. ते तिनं चोख केलं.

वापरायची रीत मात्र नीट पाळावी लागते. कोरड्या केसांत फणी घातली तर केस तुटतात, मूल ओरडतं आणि उवा पळतात. आधी खोबरेल तेलानं केस चिंब करायचे. मोठ्या कंगव्यानं गुंता सोडवायचा, तोही टोकाकडून वर वर जात. मग केसांचे चार भाग करायचे आणि फणीची दाट बाजू टाळूला टेकवून शेंड्यापर्यंत एका ओढीत न्यायची. प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या फडक्यावर पुसायची, म्हणजे काय निघालं ते दिसतं. पहिल्या रविवारी सतरा निघाल्या. लिखांमधून सात ते दहा दिवसांत पिल्लं बाहेर पडतात, म्हणून एकदा विंचरून भागत नाही. दर तिसऱ्या दिवशी, असे सलग तीन आठवडे. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी पर्मेथ्रिनचं लोशन दिलं होतं, तेही त्यांनी सांगितलं तसं नऊ दिवसांनी दुसऱ्यांदा लावलं. शेजारच्या काकूंनी रॉकेल सुचवलं होतं. कृपा करून कुणी ते करू नका. कातडी भाजते, आणि घरात चूल पेटलेली असली तर काय होईल याचा विचारही करवत नाही.

आता फणीच्या उण्या बाजू. उवा ती पकडते, पण केसाला चिकटलेल्या लिखा सगळ्या निघत नाहीत. त्या मी उन्हात बसून नखानं ओढल्या. औषधांच्या दुकानात लांब दातांची स्टीलची फणी मिळते, ती या कामात सरस आहे. केस फार दाट असतील तर तीच घ्या. स्टीलची उकळत्या पाण्यात टाकता येते, लाकडी टाकली तर फुगते. मी एकदा रात्रभर पाण्यात विसरले आणि कडेचे दोन दात गेले. तेव्हापासून जुन्या दातघासणीनं झाडते, दातांमधून दोरा फिरवते, तेलाचा हात देते आणि दोन दिवस डब्यात बंद ठेवते. डोक्याबाहेर ऊ फार तर एक-दोन दिवस जगते, त्यामुळे तेवढं पुरतं.

असं असूनही आमच्या घरात लाकडीच टिकली, कारण लेक स्टीलची डोक्याला लावूच देत नाही. गार लागते, टोचते म्हणते. लाकडीला मात्र आपणहून माझ्या पुढ्यात येऊन बसते. विरळ बाजूनं विंचरत राहिलं की पाढे म्हणता म्हणता पेंगते. ड्युटीमुळे तिचा-माझा दिवसभर मेळ नसतो, तो या अर्ध्या तासात बसतो.

सगळ्यात अवघड गेले ते मधले महिने. केस डोळ्यांत येतात, मानेवर टोचतात, बांधायला पुरत नाहीत. त्या काळात कपाळावर हेअरबँड आणि कानामागे चिमटे. दिवाळीपर्यंत दोन शेंड्या जमू लागल्या. जून 2024 मध्ये शाळा उघडली त्या सकाळी मी रजा टाकली. मधोमध भांग पाडला, दोन्हीकडे तीन तीन पेड घेतले. वेणी चार वळणांतच संपत होती आणि आखूड बटा बाहेर निसटत होत्या. मग रिबीन शेवटी न बांधता पहिल्या वळणापासूनच पेडात गुंफली आणि फूल वर कानाशी आणून बांधलं, तेव्हा घट्ट बसली. आत्यांना नीट दिसत नाही, त्यांनी दोन्ही वेण्यांवरून बोटं फिरवून वळणं मोजली.

आजही दर रविवारी फणी फिरते, कारण वर्गात कुणाला ना कुणाला उवा असतातच. डोक्याला डोकं लागलं की त्या येतात, त्यात घाणेरडेपणाचा काही संबंध नाही. यंदा पालीची ड्युटी लागली की आणखी दोन घेणार आहे. एक आमच्या दात पडलेलीच्या जागी, दुसरी लेकीच्या बाकावरच्या मैत्रिणीला. तिचेही परवा कापलेत.