विटांची रॉकेट चूल की राखेच्या डब्याची?

रॉकेट चुलीत जळण खालच्या तोंडातून आडवं सरकवायचं आणि जाळ उभ्या नळीतून वर भांड्याला लागतो, एवढं माहीत असलं की पुढचं कळेल. प्रश्न इतकाच की घरी करायची तर विटा रचाव्यात, की तेलाच्या १५ किलोच्या डब्यात चार इंची नळी बसवून भोवतीनं राख भरावी? विटांची मी दोन पावसाळे वापरली, डब्याचीला आता दुसरं वर्ष लागलंय.

विटांची चूल भक्कम. रविवारी मटणाचं मोठं पातेलं चढवा, रश्श्यात डाव कसाही फिरवा, जागची हलत नाही. खर्चही जवळपास नाही, बांधकामातल्या उरलेल्या विटा परड्यात कुणाच्याही सापडतात.

पण माझं रोजचं काम सकाळच्या आंघोळीच्या पाण्याचं, आणि घोडं तिथंच अडलं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळी धग विटाच पिऊन टाकायच्या. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण ढलप्या संपत आल्या तरी पाणी कोमटच असायचं. आई एकदा शेजारी येऊन म्हणाली, "पाणी तापवायलास का विटा?" खरं सांगायचं तर विटाच. आंघोळ उरकून आलो तरी त्यांना हात लावता येत नसे. माझं जळण तिथं जाऊन बसलेलं. आपल्याकडच्या पावसात तर आधी विटेतली ओल उडणार, मग वीट तापणार, मग कुठं पाणी. शिवाय नळी गार असली की धूर होतो, आणि धूर म्हणजे न जळलेलं जळणच. धग आत कोंडेल म्हणून मी बाहेरून मातीचा जाड लेपही दिला. अजून बिघडलं. वजन वाढलं तशी चुलीची भूकही वाढली.

ही चूल १९८० च्या दशकात अमेरिकेत पुढं आणणारे लॅरी विनियार्स्की नळीभोवती हलकं, हवा धरून ठेवणारं भरण घाला म्हणत, ते मला तेव्हा पटलं. गगनबावड्याकडच्या पाहुण्यांकडून भाताच्या तुसाची राख पोतं भरून आणली. राख ठासायची नाही, नुसती ओतायची. नळी लगेच तापते, धूर लवकर थांबतो, आणि तेवढ्याच ढलप्यांत पाणी कढत होतं.

डब्याची खोड म्हणजे आतली नळी. पातळ पत्र्याची पहिली चारेक महिन्यांत जळून भोक पडलं आणि राख थेट जाळात. आता भंगारातला जाड लोखंडी पाइप बसवलाय, तोही कधीतरी जाईलच. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा मात्र आत वापरू नका, तापल्यावर त्याचा धूर बाधतो. डबा हलका असतो, म्हणून मोठं भांडं वेगळ्या तिवईवर ठेवायचं.

कुठलीही केलीत तरी भांड्याभोवती बोटभर फट सोडून पत्र्याचा वेढा घाला, जळण अंगठ्याएवढं फोडा आणि त्याच्या खालून वारा जाईल एवढी जागा ठेवा. तोंड गच्च भरलं की दोन्ही चुली सारख्याच रुसतात.

रोज तास-दोन तास सलग स्वयंपाक असेल तर विटांची वाईट नाही, एकदा तापली की ती धग धरते. माझीही अजून परड्यात उभी आहे. परवा शेजारच्या काकांना करायची होती, त्यांना ती दाखवली आणि जाताना उरलेल्या राखेचं पोतं हातात दिलं.