३५ पॅटर्नची देशी एअर रायफल: दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आसपास ही रायफल सेकंडहँड घेतली, आता पाऊस संपत आलाय. मधल्या काळात ती पूर्ण उघडली, आतलं बरंच काही बदललं, परत बसवली आणि छर्र्यांचे डबेच्या डबे रिकामे केले, त्यामुळे आता तिच्याबद्दल ठामपणे काहीतरी सांगता येईल असं वाटतंय. ३५ पॅटर्न म्हणजे जर्मन डायना ३५ च्या धर्तीवर आपल्याकडे बनलेल्या ब्रेक बॅरल रायफली, नळी खाली मोडली की आतली स्प्रिंग दाबली जाऊन रायफल कॉक होते म्हणजे मारायला तयार होते अशा, त्यातली इंडियन ह्यूम पाईपवाल्यांची आयएचपी ३५ सगळ्यांना ऐकून माहीत असते. माझ्या रायफलवर मात्र कुठलंच नाव नाहीये, कुठल्यातरी छोट्या वर्कशॉपचा माल आहे, पण लाकूड छान आणि नळी आतून स्वच्छ होती म्हणून घेतली.

ही रायफल बघितली की प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, पॉवर किती? आणि माझं म्हणणं असं की या नादात जेवढं नुकसान या एका प्रश्नाने केलंय तेवढं गंजानेसुद्धा केलं नसेल. बघा, ऑलिंपिकची १० मीटरची रायफल लाखो रुपयांची असते आणि छर्रा सोडते साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंदाने, म्हणजे साडेसात-आठ ज्यूलच्या घरात, बस्स. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण मारलं ते याच प्रकारात, आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ ला कैरोला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली तीही याच प्रकारात. त्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेनाने टिंब काढावं एवढा! तिथे पॉवरचा काय संबंध, तिथे प्रत्येक छर्रा आधीच्यासारखाच जायला पाहिजे एवढंच. आपल्या कायद्यातही ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, त्यामुळे पॉवर वाढवायच्या भानगडीत विनाकारण नको तिथे जाऊन पोचाल.

माझ्या रायफलमध्ये आधीच्या मालकाने हेवी स्प्रिंग घालून ठेवली होती. कॉक करायला दम लागायचा, फायर केली की आतून टणणण आवाज, खांद्याला झटका, आणि १० मीटरवर छर्रे बशीएवढ्या गोलात कुठेही. स्प्रिंगवाल्या रायफलचं तंत्रच वेगळं आहे. चाप ओढला की छर्रा नळीत असतानाच स्प्रिंगच्या जोराने जड पिस्टन हवा दाबत धावत सुटतो, रायफल आधी मागे येते आणि पिस्टन पुढे थांबला की पुढे जाते, दोन उलटसुलट धक्के. स्प्रिंग जितकी दांडगी तितके हे धक्के मोठे, पण सिलेंडर तेवढाच आणि हवा जायचं भोक तेवढंच, त्यामुळे वेग काही त्या प्रमाणात वाढत नाही. पिस्टन फक्त जोरात आपटतो.

उघडताना एक गोष्ट कळकळीने सांगतो, स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत आत बसलेली असते, पिना काढल्या आणि हाताने धरून ठेवू म्हटलं तर ती तोंडावर येऊ शकते. सुतारांकडे असतो तो लांब शिकंजा घ्या, दोन्ही टोकांना लाकडाचे ठोकळे लावा, त्यात रायफल आवळा आणि हळूहळू सैल करा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आतली स्प्रिंग वाकलेली निघाली आणि तिच्या पोटातलं गाईड, म्हणजे स्प्रिंगला सरळ धरणारी दांडी, इतकं ढिलं की बोटाने डुगडुग हलत होतं, तो टणणण आवाज तिथलाच. मी कोल्हापूरचा असल्याने इथे मला दोन फायदे झाले. पहिला म्हणजे उद्यमनगर, आमचा छोट्या कारखान्यांचा भाग. तिथल्या एका लेथवाल्या काकांना साध्या स्टँडर्ड स्प्रिंगचं माप दिलं, त्यांनी डेल्रिन नावाच्या कडक प्लास्टिकच्या रॉडमधून गाईड काढून दिलं, स्प्रिंग त्यावर जरा जोर लावूनच चढावी इतकं घट्ट. स्प्रिंगची दोन्ही टोकं पॉलिश पेपरने आरशासारखी केली म्हणजे फिरताना खरवडत नाहीत.

दुसरा फायदा कातड्याचा. पिस्टनच्या तोंडावर जो वायसर असतो तो या जुन्या रायफलींमध्ये कातड्याचा असतो, माझा वाळून पापडासारखा झालेला. बाजारात मिळणारे रेडिमेड वायसर क्रोम टॅनिंगच्या मऊ कातड्याचे निघाले, ते आकार धरत नाहीत. म्हणून थेट चप्पल बनवणाऱ्या एका मामांकडे गेलो. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं आणि अशा कातड्याचा गुण असा की ओलं करून साच्यात दाबलं की वाळल्यावर तोच आकार धरून बसतं. मामांनी कातड्याचा तुकडा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाकवून बघितला, म्हणाले हा पाठीचा भाग घे, पोटाचा घेऊ नको, पोटाचं ताणतं. रापीने गोल कापून दिला, पैसे घेईनात. काकांनी दिलेल्या साच्यात ओला दाबून ठेवला, सावलीत वाळवला, मग नीट्सफूट ऑईलमध्ये मुरवला, घोड्याच्या खोगिराला लावतात ते. बसवताना पिस्टन सिलेंडरमध्ये असा सरकला की हवा अडलेली हाताला जाणवत होती, लई समाधान वाटलं!

ग्रीसबद्दल थोडक्यात. पिस्टनच्या अंगाला मॉलिब्डेनमची पेस्ट अगदी पातळ, स्प्रिंगला चिकट जाड ग्रीस थोडंसं, आणि वायसरच्या पुढे पेट्रोलियमचं तेल अजिबात नाही. हवा दाबली की तापते आणि ते तेल डिझेल इंजिनसारखं पेटतं, धूर येतो, मोठा आवाज होतो, लोकांना वाटतं वा काय पॉवर आली, आणि तिकडे स्प्रिंग-वायसरची वाट लागते. नळीच्या सांध्यावरचा वायसरपण बदलला. तो गळतोय का बघायला सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून टार्गेटवर एक छर्रा मारा, पट्टी उडाली तर गळतोय. आणि छर्रा न घालता रिकामी कधीही मारू नका, पिस्टनला हवेची गादी मिळत नाही.

आता निकाल. मित्राच्या क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्र्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, आधी ०.५३ ग्रॅमच्या छर्र्याचा वेग १५० ते १७५ च्या मध्ये कुठेही उड्या मारत होता, आता १६५ ते १६८ च्या आत राहतो. ज्यूलमध्ये सव्वासातच्या आसपास, म्हणजे मॅच रायफलच्या जवळपास तेवढीच. कॉक करायला हलकी, आवाज एक दबका ठप् एवढाच, आणि १० मीटरवर टेकू देऊन पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात, चांगला दिवस असेल तर त्याहून लहान गोलात. देशी रायफलसाठी हे भारी आहे.

पण ती धरायची कशी हे शिकावं लागतं. खांद्याला घट्ट आवळली की प्रत्येक वेळी वेगळी उडी मारते. पुढचा हात उघडा, तळव्यावर नुसती ठेवायची, तिला मागे-पुढे जाऊ द्यायचं, आणि छर्रा लागेपर्यंत डोकं वर उचलायचं नाही. दुसरं म्हणजे छर्रे. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, त्यामुळे आम्ही मित्र आपापल्या डब्यातले थोडे थोडे एकमेकांना देतो, कुठला चालतो ते कळल्यावरच डबा घ्यायचा. स्वस्त छर्रे सोनाराच्या काट्यावर तोलून बघा, एकाच डब्यात केवढा फरक असतो ते दिसेल. छर्र्याचा मागचा घेर चेपलेला असेल तर सरळ बाजूला काढा. शिसं आहे, हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना पाणी सुटतं तिथे रायफलचं काय. रेक्झिनच्या कव्हरमध्ये अजिबात ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. घामेजल्या बोटांचा ठसा दोन दिवसांत तांबडा होतो. मी प्रत्येक वेळी तेलाच्या फडक्याने बाहेरून पुसून कपाटात मोकळी उभी ठेवतो. लाकडाचे स्क्रू झटक्यांनी आणि हवामानाने ढिले होतात, अचानक नेम बिघडला तर आधी ते तपासा, स्कोपला दोष नंतर.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी जरा सविस्तर, कारण अदलाबदल हा या नादातला अर्धा आनंद आहे. कॉक करून नळी उघडी असताना ती एका हाताने गच्च धरा आणि कधीच सोडू नका, सिअर, म्हणजे पिस्टनला अडवून धरणारा खटका, झिजलेला असेल तर नळी खाडकन बंद होते आणि बोट जातं. विकणारा स्वतः कशी लोड करतो ते बघा, त्याने नळी मोकळी सोडली तर रायफल कशी वापरली गेलीय ते तिथेच कळतं. नळी अशी आपटून बंद झाली असेल तर ती वर वाकलेली असते, बाजूने नजर टाका. कॉक केलेली नळी अर्ध्यात आणून हात न काढता पकड जरा सैल करा, ती आहे तिथेच थांबली पाहिजे, आपोआप खाली झुकत असेल तर सांध्याचा बोल्ट ढिला किंवा झिजलेला. पॉलिश केलेलं लाकूड आणि नवीन काळा रंग बघून भुलू नका, रंगाखाली गंजाचे खड्डे बुजवलेले असतात. मी व्यवहार समोरासमोरच करतो, दोघांच्या ओळखपत्राच्या झेरॉक्स आणि सहीचा कागद, जुनं बिल असेल तर तेही. लहान मुलांसाठी मागायला येणाऱ्यांना देत नाही.

आणि पाखरं मारायला पाहिजे म्हणणाऱ्यालाही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी मला ते सहन होत नाही. अरुणाचलमध्ये २०२१ पासून लोकांनी आपणहून एअरगन सरकारजमा करायचं अभियान चाललं ते जंगलं मुकी होत चालली म्हणूनच. ज्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे दिले तिथे कागदावरचा ठिपका पुरेसा अवघड आहे.

कोणी घ्यावी? ज्याला हाताने खुडबुड करायला आवडतं त्याने नक्की. लगेच स्पर्धेत उतरायचंय त्याने क्लबमध्ये जाऊन तिथली रायफल वापरावी, ही त्यासाठी नाही. माझ्या रायफलचा चाप मात्र अजून मनासारखा नाहीये, ओढायला जड आणि शेवटी जरा अडखळतो. त्याला फक्त पॉलिश पेस्टने घासून आणि किंचित मॉलिब्डेनम लावून थोडा सुधारलाय, कानस लावणार नाही. सिअरच्या तोंडावरचा कडक थर पातळ असतो, तो एकदा गेला की आतलं मऊ लोखंड झिजत जातं आणि रायफल हात न लावताही सुटू शकते. नवा सिअर कुणाकडे पडून असेल तर कळवा, बदल्यात एक न वापरलेली स्टँडर्ड स्प्रिंग आणि पाठीच्या कातड्याचे दोन वायसर देतो.