व्हेचा डबा की बांगडा? फुटबॉलपटूंसाठी हिशेब

रोज मासे खाणाऱ्या मालवण-वेंगुर्ल्याच्या पोराने व्हेचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीचा, डबा घेण्याआधी आपलं ताट बघावं. एका स्कूपात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. काटे वगळून १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम असतात. सराव करणाऱ्या साठ किलोच्या खेळाडूला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम प्रथिनं पुरतात. मासे, अंडी, दूध, कुळथाची पिठी धरून ते घरात जमतं.

अडचण पावसाळ्यात येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पाठोपाठ श्रावण, आणि आपला चिखलातला फुटबॉल रंगतो नेमका तेव्हाच. बंदीत सुकट-बोंबलावर भागतं, पण श्रावण पाळणाऱ्या घरात तेही नाही नि अंडीही नाहीत. व्हे दुधाचंच, त्यामुळे आजीचीही हरकत नसते. तेवढ्यापुरता डबा मला पटतो.

क्रिएटिनचं, म्हणजे स्नायूंना झटपट ताकद पुरवणाऱ्या पदार्थाचं, गणित उलटं. रोज ३ ते ५ ग्रॅम लागतं. तेवढं माशातून मिळवायचं तर दिवसाला किलोच्या आसपास मासळी संपवावी लागेल! पुन्हा पुन्हा स्प्रिंट मारणाऱ्या विंगरला (कडेने धावणाऱ्या आक्रमकाला) त्याचा उपयोग होतो, एका लयीत पळण्यासाठी फारसा नाही. अंगात पाणी धरल्याने वजन किलो-दोन किलो वाढू शकतं. एकच डबा परवडत असेल तर मी हाच घेईन, तोही क्रिएटिनचा साधा प्रकार, मोनोहायड्रेट. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

कॅफिन सामन्याआधी तासभर, किलोमागे ३ मिलिग्रॅम. म्हणजे साठ किलोला १८०, दोन-तीन कप कडक कॉफी. रात्रीच्या सामन्याला घेतलं तर झोप उडते. पण कॅफिनसाठी प्री-वर्कआउटची, म्हणजे व्यायामाआधी घ्यायची, रंगीत पावडर कशाला? लेबलवर नसलेलं उत्तेजक त्यात निघालं तर बंदी खेळाडूवरच येते. मँचेस्टर सिटी या इंग्लिश क्लबच्या कोलो टूरेने बायकोच्या वजन घटवण्याच्या गोळ्या घेतल्या, चाचणीत बंदी असलेला पदार्थ सापडला आणि २०११ मध्ये सहा महिने बाहेर बसला.

राहिलं पेय. आपल्या दमट हवेत घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. त्यातून मुख्यतः सोडियम जातं, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. म्हणून शहाळं प्या, पण खेळानंतर मीठ घातलेली पेज हवी. फारच घाम गेला तर सरळ ओआरएस. सोलकढी मात्र मध्यंतरात नको. नारळाचा रस पोटात डुचमळतो.