सात वाजताची रात्र : हेलिकॉप्टरच्या नावाखाली माझे ९०,९५० रुपये कसे गेले

आकडा आधीच सांगून टाकतो. नव्वद हजार नऊशे पन्नास. चार वेळा मिळून, माझ्याच फोनवरून, माझ्याच अंगठ्यानं, माझाच पिन टाकून. आणि मी कोण? सहकारी संस्थांची दप्तरं ३१ वर्षं तपासलेला निवृत्त उपलेखापरीक्षक. ज्या सचिवांच्या व्हाउचरांवर मी लाल पेन्सिलीनं खुणा केल्या ते हे वाचून हसतील. हसू द्या. त्यांच्यातल्या एकाला जरी यातून सावध होता आलं तरी बास.

आमचं परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पोरगी आणि जावई फ्लोरिडात, टँपाला. २०२५च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडं जाणार होतो आणि २१ जूनला हिची साठी होती. लग्नानंतर हिला मी औंढा नागनाथ, तुळजापूर आणि एकदा वेरूळ-अजिंठा एवढंच दाखवलं. टँपाहून ऑरलँडो गाडीनं दीड तास. तिथं डिस्नी, युनिव्हर्सल, सीवर्ल्ड ही मोठाली मनोरंजन उद्यानं, शिवाय मे महिन्यातच उघडलेलं एपिक युनिव्हर्स. ही सगळी रोषणाई रात्री हेलिकॉप्टरमधून बघता येते, असं मी यूट्यूबवर पाहिलं. ते खरंच आहे, अशी उड्डाणं तिथं होतात. म्हणून तर फसलो. चंद्रावर प्लॉट विकणारा आला असता तर त्याला मी चहा पाजून वाटेला लावला असता.

पोरीला विचारलं असतं तर पाच मिनिटांत खरं-खोटं झालं असतं. पण मला सरप्राईज द्यायचं होतं ना! म्हणजे ज्या दोन माणसांना तिथली माहिती, त्यांनाच विचारायचं नाही अशी अट मीच घालून घेतली. ज्याच्याकडं बुकिंग केलं त्या ट्रॅव्हलवाल्यानंही ती बरोबर पकडली. "कुणाला बोलू नका सर, मॅडमच्या कानावर गेलं तर मजा जाईल." तेव्हा मला वाटलं, किती समजदार पोरगा आहे.

त्याचा नंबर आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर आला होता. "छत्रपती संभाजीनगर, सिडकोत ऑफिस, परदेशातल्या सहली, खात्रीशीर." टाकणाऱ्या गृहस्थांचे साडू म्हणे त्याच्यामार्फत दुबईला जाऊन आले. (नंतर साडूंना गाठलं. ते दुबईला गेले होते, पण मुंबईच्या कंपनीकडून. ह्याच्याकडं त्यांनी फक्त चौकशी केली होती.) फोनवर बोलणं आपल्यातलं. "काय टेन्शन घेऊ नका सर, आपल्या मराठवाड्याचा माणूस है, तुम्हाला वाऱ्यावर सोडीन का?"

त्यानं पहिल्याच दिवशी आम्हा चौघांची वजनं विचारली. मी ८४, ही ७१, पोरगी, आणि सात वर्षांची नात. हेलिकॉप्टरात वजन बघूनच जागा देतात, तोल सांभाळावा लागतो, हे मला माहीत होतं. मी मनात म्हटलं, खोटा माणूस वजन कशाला विचारील? आता कळतं, खोट्या माणसाचा खर्चच नसतो, तो काहीही विचारील. शिवाय त्या वजनाचेही त्यानं पैसे लावले.

हिशेब असा. चार सीट, प्रत्येकी १३,७५० प्रमाणे ५५,०००. वजनाचा अधिभार ६,२००. मग "परदेशी बुकिंगवर २० टक्के टीसीएस, रिटर्न भरलं की परत मिळतो" म्हणून ११,००० (टीसीएस म्हणजे विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाकडून आगाऊ गोळा करायचा आयकर). शेवटी उड्डाणानंतर परत मिळणारं डिपॉझिट १८,७५०. पहिले दोन हप्ते एप्रिलमध्ये, तिसरा मेमध्ये, आणि डिपॉझिट आम्ही निघायच्या आदल्या रात्री, बॅगांचं वजन करत असताना. तेव्हा कोण विचार करतं? तो नेमका तेव्हाच मागतो.

पहिल्या ५५,०००च्या वेळची गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर नाव आलं, कुठल्याशा मोबाईल शॉपीचं. ट्रॅव्हल कंपनीचं नाही, त्याचंही नाही. माझा अंगठा थांबला. खरं सांगतो, थांबला. ३१ वर्षांची सवय आहे, पावती एकाच्या नावानं आणि रक्कम दुसऱ्याच्या खात्यात दिसली की पेन्सिल आपोआप हातात येते. मी लगेच फोन केला, "हे नाव वेगळंच कसं यायलंय?" तो एक क्षणही न थांबता म्हणाला, "सर, आपलं करंट अकाउंट सध्या ऑडिटला आहे."

ऑडिटला! खातं ऑडिटला आहे! अहो, खातं काय पंक्चर काढायला टाकलेली सायकल आहे का? मी शेकडो संस्थांचं ऑडिट केलं. एकाही संस्थेचं बँक खातं त्यासाठी एक तासही बंद राहिलं नाही. हे वाक्य माझ्यापुढं एखाद्या पतसंस्थेच्या मॅनेजरनं बोललं असतं तर त्याची मागच्या पाच वर्षांची दप्तरं मी टेबलावर मागवली असती. आणि इथं मी म्हणालो, "असं होय," आणि पिन टाकला. का, ते आजही सांगता येत नाही. ही स्वयंपाकघरातून बाहेर यायली होती, तिला स्क्रीन दिसू नये एवढीच घाई होती बहुतेक.

दुसरी चूक टीसीएसची. हा कर खरंच घेतला तर तो आपल्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या २६एएस या उताऱ्यात दिसतो. त्यानं पॅन मागितलाच नाही. पॅनशिवाय टीसीएस कापणारा आणि तिथीशिवाय लग्न लावणारा भटजी सारखेच. वर दरही चुकीचा. एप्रिल २०२५ पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर दहा लाखांपर्यंत ५ टक्के होता, २० टक्के त्याच्या वरच्या रकमेला. पावतीवर जीएसटी नंबर होता, १५ अक्षरी, सुरुवात २७ नं, म्हणजे महाराष्ट्राचा. तेवढ्यावर मी समाधान मानलं. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून बघायला दोन मिनिटं लागतात आणि फुकट दिसतं. मी परत आल्यावर टाकला. एका सिमेंटच्या दुकानाचा निघाला.

२१ जूनला पोरीला म्हटलं, चल ऑरलँडोला, विचारू नको. त्यानं पाठवलेल्या व्हाउचरवर वेळ होती संध्याकाळी सात, "नाईट फ्लाईट". आम्ही साडेसहाला इंटरनॅशनल ड्राइव्हवरच्या हेलिपॅडपाशी पोचलो. ही पैठणी नेसून, वर शाल घेऊन. गाडीतून उतरली, कपाळावर हात धरून आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाली, "अहो, रात्रीचं म्हणालात नं? ऊन तर अजून डोक्यावर हाय."

तिथं जूनमध्ये सूर्य सव्वाआठ-साडेआठला मावळतो. त्यात २१ जून, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसांतला एक. आपल्याकडं सातला दिवेलागण होते म्हणून मला घरी बसून ती वेळ बरोबर वाटली, आणि त्या भामट्यालाही वाटली, कारण त्यानंही ऑरलँडो माझ्याइतकंच पाहिलेलं, म्हणजे मोबाईलवर.

काउंटरवरच्या मुलीनं व्हाउचर तीनदा वाचलं. कंपनीचं बोधचिन्ह त्यांचंच होतं, बुकिंग नंबर त्यांचा नव्हता. आमची नावं कुठल्याच यादीत नव्हती. मग तिनं खिडकीतून बाहेर उभं असलेलं हेलिकॉप्टर दाखवलं. रॉबिन्सन ४४. सीट चार, त्यातली एक पायलटची. आमच्या व्हाउचरवर "एकाच हेलिकॉप्टरमध्ये ४ प्रवासी". चारातून एक वजा तीन हा हिशेब माझ्या नातीनं माझ्याआधी केला.

ती मुलगी भली होती, तिनं सगळं समजावलं आणि जावयांनी मला मराठीत सांगितलं. व्हाउचरवर चित्र होतं डिस्नीच्या किल्ल्याच्या थेट वर हेलिकॉप्टर, चहूबाजूंनी आतषबाजी, खाली मजकूर "किल्ल्यावर ५ मिनिटं". तर २००३ पासून डिस्नी वर्ल्डभोवती तीन नॉटिकल मैल, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर, आणि जमिनीपासून ३,००० फुटांपर्यंत अशा सैरांना मनाई आहे. उड्डाण होतं ते बाहेरून, डिस्नीची आतषबाजी दिसते ती लांबून. जावई म्हणाले, "मामा, तो किल्ला १८९ फुटांचा आहे. दोनशेच्या वर गेला असता तर विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागला असता, म्हणून तेवढाच ठेवला म्हणतात." एक दिवा नको म्हणून किल्ला बुटका ठेवणारी माणसं, ती त्याच्या कळसावर माझ्यासाठी पाच मिनिटं हेलिकॉप्टर थांबवणार होती! आणि हे मला माहीत नव्हतं म्हणून सोडून द्या, पण आतषबाजीच्या मधून हेलिकॉप्टर? दिवाळीत सुतळी बॉम्बला वात लावताना मी नातीला अंगणाच्या पार टोकाला नेऊन उभी करतो. एवढी अक्कल मला होती. ते चित्र दोन महिने फोनमध्ये रोज बघत होतो.

पोरगी म्हणाली, आपण इथंच नवीन तिकीट काढू. ही म्हणाली, नको. एवढंच.

टँपाहूनच त्या रात्री सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पोचक्रमांक मिळाला. पण पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन केला तरच रक्कम वाटेत अडवायची शक्यता असते. माझा शेवटचा हप्ता जाऊन महिना उलटला होता.

ऑगस्टमध्ये परतलो आणि दुसऱ्याच दिवशी ठाण्यात गेलो. कुठल्या ते लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी कागद वाचला, हेलिकॉप्टर शब्दापाशी थांबले, शेजारच्याला बोलावून दाखवला. "काका, घटनास्थळ काय लिहू? अमेरिका?" मी म्हटलं, पैसे माझ्या घरातल्या सोफ्यावरून गेले, घटनास्थळ माझा सोफा लिहा. म्हणाले, ऑफिस संभाजीनगरचं आहे, तिकडं द्या. मी म्हटलं, नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यायचा आहे, झिरो एफआयआर. म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" मग जिल्ह्याला पाठवलं. जिल्ह्याच्या ठिकाणी सांगितलं, रक्कम लहान आहे, स्थानिक ठाण्यातच द्या. लहान! माझी तीन महिन्यांची पेन्शन. परत ठाण्यात आलो तर ते साहेब बंदोबस्ताला. पुढच्या आठवड्यात रजेवर. त्याच्या पुढं गणपती. आठ चकरा मारल्या, दर चकरेला झेरॉक्सचा नवा संच, कारण आधीचा "वर गेलाय". वर म्हणजे कुठं ते कुणी सांगत नाही. आठव्या वेळी अर्जावर शिक्का मिळाला. एफआयआर नाही, अर्ज. फसवणुकीला आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, हे मलाच अर्जात लिहावं लागलं.

बँकेची तऱ्हा वेगळी. तिथं एसी आहे, बसायला खुर्ची आहे आणि उत्तर एकच : "पिन तुम्हीच टाकला ना सर?" हो, मीच टाकला. कार्ड चोरीला गेलं असतं तर नियमात बसलो असतो, स्वतःच्या हातानं दिले म्हणून बसत नाही. मग विचारलं, ज्या खात्यात गेले ते कुणाचं? गोपनीय. म्हणजे माझं नाव, नंबर, वजन त्या चोराला माहीत असलेलं चालतं आणि चोराचं नाव मला कळलं की गोपनीयता भंगते. ग्राहक आयोगात जायचं तर समोरच्याचा पत्ता हवा. भाच्याला सिडकोतल्या पत्त्यावर पाठवलं. तिथं झेरॉक्सचं दुकान. त्यानं माझ्याच व्हाउचरची आणखी एक प्रत काढून आणली, दोन रुपये देऊन.

काही म्हणतील, एवढं शिकलेला माणूस. अहो, माझ्या जागी तुम्ही असता तर वजनं विचारल्यावर तुम्हीही विरघळला असता. पण नाव जुळत नसेल तर तिथंच फोन खाली ठेवा, समोरचा काहीही सांगो, मुलगा आजारी असो की खातं ऑडिटला असो. परदेशातलं काही बुक करायचं तर त्या कंपनीला थेट मेल टाकून विचारा, तुमच्या वतीनं विकणारा हा माणूस तुमचा आहे का. घरात एकाला तरी सांगा. आणि पैसे गेले असं नुसतं वाटलं तरी लाज बाजूला ठेवून आधी १९३०, मग रडा.

हे सगळं आता लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्याकडून गाड्या भरून लोक केदारनाथला जातात. गुप्तकाशी, फाटा, सिरसीहून जी हेलिकॉप्टरं सुटतात, त्यांची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच मिळतात, आणि त्याआधी चारधामची नोंदणी लागते. व्हॉट्सअॅपवर कुणी देत असेल तर तो देत नाही, घेतो. गेल्या आठवड्यात आमच्या त्याच ग्रुपवर पोस्टर आलं : "केदारनाथ हेलिकॉप्टर, मोजक्याच सीट, ज्येष्ठांना सवलत." नंबर वेगळा. पण खालच्या कोपऱ्यात तेच हेलिकॉप्टर, माझ्या व्हाउचरवरचं. मागची आतषबाजी खोडून तिथं बर्फ लावलाय, तरी पंख्याच्या डाव्या टोकाजवळ एक निळी ठिणगी राहून गेली आहे.

मी खाली लिहिलं, हा चोर आहे. ॲडमिननं ते पुसलं आणि मला फोन केला, "साहेब, ग्रुपचं वातावरण कशाला खराब करता? तुमचं झालं ते झालं." रात्री पाहिलं तर मी ग्रुपमध्ये नव्हतो. पोस्टर होतं, असं भाचा सांगायलाय. तीन जणांनी खाली "दर कळवा" लिहिलंय.